वाचलेला हेलपाटा



मी पॅथॉलॉजिस्ट आहे. डॉक्टरांमधली आम्ही पडद्याआडची मंडळी. तुमचं रक्त, तुमच्या पेशी, तुमच्या गाठीचा तुकडा आमच्या टेबलावर येतो. तुम्ही स्वतः सहसा येत नाही. त्यामुळे आम्हाला माणसं माहीत असतात ती नमुन्याच्या क्रमांकावरून. आज मात्र अशा एका नमुन्याबद्दल बोलायचं आहे, की जो देण्यासाठी बाईला घरचं काम टाकून, संकोच बाजूला ठेवून दवाखान्यात यावं लागतं. तो नमुना आहे गर्भाशयाच्या मुखाच्या पेशींचा. आणि तो साठवण्याची जी नवी रीत आली आहे, ती म्हणजे एक लहानशी प्लॅस्टिकची बाटली. तिला म्हणतात लिक्विड बेस्ड सायटॉलॉजी, मराठीत द्रवाधारित पेशीपरीक्षा.

आधी आजाराविषयी. गर्भाशयमुखाचा कर्करोग याला आपल्याकडच्या बायका 'पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर' म्हणतात, आणि हे नाव अगदी नेमकं आहे. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या एका वर्षात सुमारे १ लाख २७ हजार स्त्रियांना हा कर्करोग झाला आणि सुमारे ८० हजार स्त्रिया त्याने दगावल्या. म्हणजे आपलं हे पंधरा मिनिटांचं बोलणं संपेपर्यंत देशात दोघीजणी गेलेल्या असतील.

यातली खरी हळहळ वेगळीच आहे. हा कर्करोग दबा धरून एकाएकी झडप घालणारा नाही. तो वर्षानुवर्षं आधी सूचना देतो. त्याचं मूळ बहुतेक वेळा ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजे एचपीव्ही नावाच्या विषाणूत असतं. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी १९८३-८४ च्या सुमारास या विषाणूचे १६ आणि १८ हे प्रकार गर्भाशयमुखाच्या कर्करोगात शोधून काढले. त्यासाठी त्यांना २००८ सालचं नोबेल मिळालं. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो, की आयुष्यात कधी ना कधी तो बहुतेकांना गाठतोच. म्हणून त्याचा कुणाच्या चारित्र्याशी संबंध लावण्यात काही अर्थ नाही. बहुतेक जणींचं शरीर त्याला वर्ष-दोन वर्षांत हुसकावून लावतं. थोड्याजणींत तो ठाण मांडून बसतो, मग पेशी हळूहळू बिघडू लागतात, आणि त्या बिघाडातून प्रत्यक्ष कर्करोग व्हायला साधारणपणे दहा, पंधरा, कधी वीस वर्षं लागतात. एवढ्या अवधीत एकदा जरी कुणी नीट डोकावून पाहिलं, तरी बिघडलेला भाग काढून टाकता येतो आणि कर्करोग होतच नाही.

पण डोकावणार कोण? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत तीस ते एकोणपन्नास वयाच्या स्त्रियांना विचारलं, की ही तपासणी तुम्ही कधी केली आहे का? 'हो' म्हणणाऱ्या निघाल्या शंभरात दोघींहूनही कमी.

आता तपासणी कशी करतात ते पाहू. ग्रीसमध्ये जन्मलेले आणि पुढे अमेरिकेत स्थायिक झालेले डॉ. जॉर्ज पापानिकोलाऊ हे तिचे जनक. त्यांच्या पत्नी आंद्रोमाखी प्रयोगशाळेत त्यांच्याबरोबर काम करत आणि संशोधनासाठी वर्षानुवर्षं स्वतःचे नमुने देत. गर्भाशयमुखावरून सुटलेल्या पेशी पाहून कर्करोग ओळखता येतो, हे पापानिकोलाऊंनी १९२८ मध्ये प्रथम मांडलं, तेव्हा कुणी फारसं मनावर घेतलं नाही. १९४१ मध्ये डॉ. हर्बर्ट ट्राउट यांच्यासह त्यांनी लिहिलेल्या निबंधानंतर मात्र वैद्यकाचे डोळे उघडले. त्यांच्या नावाचा पहिला तुकडा घेऊन या परीक्षेला जग 'पॅप स्मिअर' म्हणू लागलं. ज्या देशांनी ती नेमाने राबवली, तिथे या कर्करोगाचे मृत्यू झपाट्याने घटले.

जुनी रीत अगदी साधी. गर्भाशयमुखावरून लाकडाची चपटी काडी फिरवायची, तिच्यावर आलेला चिकट स्राव काचपट्टीवर पसरायचा आणि काचपट्टी लगेच अल्कोहोलमध्ये बुडवायची. ही काच मग रंगवून आमच्या सूक्ष्मदर्शकाखाली येते. पापानिकोलाऊंच्या रंगात पेशीचं केंद्रक गडद निळं दिसतं आणि भोवतालचा भाग गुलाबी किंवा निळसर हिरवा. निरोगी पेशीचं केंद्रक लहान आणि गोल गरगरीत असतं. बिघडलेल्या पेशीत ते फुगतं, काळवंडतं, त्याची कड वेडीवाकडी होते. आमचं काम म्हणजे हजारो शहाण्या पेशींतून अशा चार बिघडलेल्या पेशी हुडकणं.

आणि इथेच अडचण येते. तांदळाचा ढीग ताटात तसाच ठेवला तर खडे दिसत नाहीत. पसरून एकेक दाणा सुटा केला की दिसतात. काडीने पसरलेल्या काचपट्टीवर पुष्कळदा असा ढीगच असतो. पेशींवर पेशी चढलेल्या, त्यात रक्त, पू, शेंबडासारखा स्राव. काच अल्कोहोलमध्ये जायला जरा उशीर झाला, पंख्याचा वारा लागला, की पेशी वाळतात आणि त्यांची केंद्रकं आपोआपच फुगल्यासारखी दिसतात. मग खरा बिघाड कुठला आणि वाळल्याने झालेला कुठला, हे सांगणं कठीण. शिवाय काडीवर आलेल्या पेशींपैकी थोड्याच काचेवर उतरतात. उरलेल्या काडीबरोबर कचऱ्याच्या डब्यात जातात.

अशी काच आली की आम्ही प्रामाणिकपणे लिहितो, 'नमुना तपासणीस असमाधानकारक, पुन्हा पाठवावा.' आमच्या लेखी ही एक ओळ. ती वाचणाऱ्या बाईच्या लेखी ती काय असते, हे मला एका पेशंटने शिकवलं. पन्नाशीच्या बाई. शिबिरात नमुना दिलेला. रिपोर्ट हातात घेऊन थेट प्रयोगशाळेच्या दारात उभ्या राहिल्या. भाच्याने घरी इंग्रजी वाचून दाखवलं होतं, 'मामी, समाधानकारक नाही म्हणतात.' त्यांनी अर्थ काढला तो सरळ होता. म्हणाल्या, "बाई, खरं सांगा, किती दिवस ऱ्हायलेत? दोन रोज डोळ्याला डोळा न्हाई." मी समजावलं, की यात कर्करोग आहे असं नाही, आणि नाही असंही नाही, फक्त काच नीट दिसली नाही, पुन्हा एकदा नमुना द्यावा लागेल. त्यांचा चेहरा आधी उजळला आणि मग पुन्हा पडला. "परत? कांद्याची लागण चाललीया. यष्टीला दोन बदल्या. आणि मालकांना काय सांगू, पैल्या बारीला काय केलं म्हणून?" त्या दिवशी आमच्या स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिथल्या तिथे त्यांचा नमुना घेतला, तो चांगला निघाला. पण दारापर्यंत येऊन विचारणाऱ्या बायका किती? बाकीच्यांचा कागद ट्रंकेत जातो.

बाटलीचं महत्त्व इथे आहे. तिच्यात असतं मिथेनॉल किंवा इथेनॉलसारखं अल्कोहोल असलेलं, पेशी टिकवणारं द्रावण. नमुना घ्यायला लाकडी काडीऐवजी केरसुणीच्या आकाराचा प्लॅस्टिकचा मऊ ब्रश वापरतात. तो गर्भाशयमुखावर फिरवायचा आणि एका पद्धतीत द्रावणात खळखळून धुवायचा, तर दुसऱ्या पद्धतीत ब्रशचं डोकंच बाटलीत सोडून द्यायचं. काचेवर पसरण्याचं कसब नको, वाळण्याची भीती नको. गोळा झालेल्या पेशी बहुतांशी बाटलीत सुखरूप येतात.

प्रयोगशाळेत पुढचं काम यंत्राचं. थिनप्रेप नावाच्या पद्धतीला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९६ मध्ये मान्यता दिली. तिच्यात द्रावण ढवळून बारीक छिद्रांच्या पडद्यातून ओढतात, पेशी पडद्यावर धरल्या जातात आणि तिथून काचेवर एका थराच्या चकतीत उतरवल्या जातात. शुअरपाथ या दुसऱ्या पद्धतीला १९९९ मध्ये मान्यता मिळाली. तिच्यात एका दाट द्रावणावर नमुना ठेवून तो गरगर फिरवतात. जड पेशी खाली बसतात, रक्त आणि स्राव बराचसा वर राहतो. हाती येते ती दोन सेंटिमीटरच्या आतली स्वच्छ, गोल चकती. ढिगातले तांदूळ ताटात पसरले जातात.

याचा फायदा किती, हे इंग्लंडमध्ये मोजून पाहिलं गेलं. तिथे प्रायोगिक केंद्रांवर ही पद्धत वापरली, तेव्हा असमाधानकारक नमुन्यांचं प्रमाण नऊ टक्क्यांच्या आसपास होतं ते दोन टक्क्यांच्या आत आलं. २००३ मध्ये तिथल्या आरोग्यसेवेला ही पद्धत स्वीकारण्याचा सल्ला दिला गेला. दर शंभर स्त्रियांमागे सात-आठजणींचा हेलपाटा वाचला, असा त्याचा अर्थ.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे या नव्या परीक्षेत कर्करोग जास्त सापडतो का? जाहिराती तसं सुचवतात, म्हणून स्पष्ट सांगते. इटलीत ४५ हजार स्त्रियांवर झालेला अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला, नेदरलँड्समधला जवळजवळ ९० हजार स्त्रियांचा २००९ मध्ये. दोन्हींत असं दिसलं, की गंभीर बिघाड पकडण्यात नवी पद्धत जुन्या, नीट केलेल्या स्मिअरहून सरस ठरली नाही. नीट केलेल्या, हा शब्द महत्त्वाचा. तेव्हा तुमच्या डॉक्टरांनी जुन्या पद्धतीने स्मिअर घेतला असेल आणि रिपोर्टमध्ये नमुना समाधानकारक असल्याचं लिहिलं असेल, तर महाग तपासणी केली नाही म्हणून जिवाला घोर लावून घेऊ नका.

बाटलीचा दुसरा गुण मला अधिक मोलाचा वाटतो. काच तयार झाली तरी बाटलीत नमुना उरतो. पेशी संशयास्पद दिसल्या, तर त्याच उरलेल्या द्रावणातून एचपीव्हीची चाचणी करता येते. बाईला पुन्हा बोलवावं लागत नाही, पुन्हा टेबलावर झोपावं लागत नाही. इंग्लंडने २०१९ च्या अखेरीस हा क्रमच उलटा केला. आता तिथे आधी विषाणूची चाचणी होते आणि विषाणू सापडलेल्या स्त्रियांच्याच पेशी त्याच बाटलीतून सूक्ष्मदर्शकाखाली जातात. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२१ मध्ये एचपीव्ही चाचणीला पहिली पसंती दिली: वयाच्या तिशीपासून, दर पाच ते दहा वर्षांनी.

हे सगळं परदेशातलं झालं. आपल्याकडे काय? इथे मला अभिमानाने सांगावंसं वाटतं, की या विषयात जगाला धडा देणारे दोन मोठे अभ्यास आपल्या महाराष्ट्रात झाले.

पहिला तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात. मुंबईचं टाटा स्मारक केंद्र, बार्शीचं नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी १९९९ पासून तीस ते एकोणसाठ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा त्यात समावेश केला. गावांचे चार गट केले. एका गटात एचपीव्ही चाचणी, दुसऱ्यात जुन्या पद्धतीची पेशीपरीक्षा, तिसऱ्यात गर्भाशयमुखाला पातळ ॲसिटिक आम्ल लावून नुसत्या डोळ्यांनी पाहणं, आणि चौथ्यात नेहमीची आरोग्यसेवा. तपासणी आयुष्यात एकदाच. २००९ मध्ये निष्कर्ष आले. एचपीव्ही चाचणीच्या गटात वाढलेले कर्करोग आणि त्यांनी होणारे मृत्यू चौथ्या गटाच्या तुलनेत जवळजवळ निम्म्यावर आले. बाकीच्या दोन गटांत मात्र एका फेरीने लक्षणीय फरक पडला नाही.

दुसरा मुंबईच्या झोपडपट्ट्यांत. टाटा रुग्णालयाने १९९८ पासून तिथल्या दीड लाख स्त्रियांचा अभ्यास केला. निम्म्या वस्त्यांत प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी ॲसिटिक आम्लाची तपासणी करत. अशा चार फेऱ्या झाल्या. बारा वर्षांनंतर पाहिलं, तर त्या वस्त्यांत या कर्करोगाचे मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी होते. ना सूक्ष्मदर्शक, ना बाटली.

मी पेशी पाहणारी बाई. मला या दोन अभ्यासांनी जमिनीवर आणलं. बाई एकदाच येणार असेल, तर जी चाचणी एका भेटीत सर्वांत भरवशाचं उत्तर देते, ती तिच्यासाठी चांगली. बाई दर दोन वर्षांनी येणार असेल, तर साधी चाचणीही जीव वाचवते. आणि एकदा येऊन 'पुन्हा या' असा कागद घेऊन जाणार असेल, तर कितीही नावाजलेली चाचणी तिच्या उपयोगाची नाही. बाटलीचं स्थान या हिशोबात आहे. ती खर्चिक आहे, तिला यंत्र लागतं, पेशी वाचायला वेगळं प्रशिक्षण लागतं, कारण द्रावणात पेशी आकसून थोड्या वेगळ्या दिसतात. गावोगाव तिचा आग्रह धरावा असं मी म्हणणार नाही. पण जिथे प्रयोगशाळा आहे, तिथे एका नमुन्यात विषाणू आणि पेशी दोन्ही पाहण्याची सोय तिच्यामुळे झाली आहे, आणि ती वापरायला हवी.

शेवटी, रिपोर्ट हातात आल्यावर काय करायचं ते सांगते. 'बिघाड किंवा कर्करोग आढळला नाही' असं असेल तर पुढच्या तपासणीची तारीख विचारा आणि लिहून ठेवा. 'सौम्य बदल' किंवा 'अनिश्चित बदल' असेल तर घाबरू नका. पुष्कळदा ते आपोआप जातात, पण डॉक्टर सांगतील ती एचपीव्ही चाचणी किंवा फेरतपासणी चुकवू नका. 'तीव्र बदल' असेल तर उशीर न करता कॉल्पोस्कोपी करून घ्या. यात दुर्बिणीसारख्या उपकरणातून गर्भाशयमुख मोठं करून पाहतात आणि संशयित जागेचा बारीकसा तुकडा काढतात. लक्षात ठेवा, पेशीपरीक्षा ही संशय सांगते. निदान करतो तो तुकडा. कर्करोगापूर्वीचा बिघाड निघाला, तर तेवढाच भाग गोठवून, जाळून किंवा विजेच्या तारेने काढून टाकता येतो. नुसत्या भीतीपोटी, तुकडा न तपासता, सरसकट पिशवी काढून टाकण्याचा सल्ला मिळाला, तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत जरूर घ्या.

तपासणीला जाताना पाळीचे दिवस टाळा, आणि आधीचे दोन दिवस योनीमार्गात औषध घालणं व शरीरसंबंध टाळा. तपासणी चार-पाच मिनिटांची असते. थोडं अवघडल्यासारखं होतं, फारसं दुखत नाही.

आणि एक कळकळीची सूचना. पाळी गेल्यानंतर अंगावर लाल जात असेल, संबंधानंतर रक्त दिसत असेल, अंगावरून घाण वासाचं पाणी जात असेल, तर पॅप स्मिअर, बाटली, शिबिर कशाचीही वाट पाहू नका. तपासण्यांची ही सगळी रचना काहीही त्रास नसलेल्या बाईसाठी आहे. त्रास असलेल्या बाईला स्त्रीरोगतज्ज्ञांनी प्रत्यक्ष तपासलं पाहिजे, मग तिचा मागचा रिपोर्ट कितीही चांगला असो. वाढलेल्या कर्करोगात रक्त आणि सडलेला स्राव इतका असतो, की रोगट पेशी त्यात झाकल्या जाऊ शकतात.

घरात नऊ ते चौदा वर्षांच्या मुली असतील, तर एचपीव्हीच्या लसीबद्दल डॉक्टरांना विचारा. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेल्या भारतीय लसीला २०२२ मध्ये मान्यता मिळाली आहे. पण लस मुलींसाठी; त्यांच्या आयांसाठी तपासणीच. पुरुष श्रोत्यांनाही सांगते, बायकोला, आईला, बहिणीला 'एवढं काय झालंय तुला' असं विचारू नका. काही झालेलं नसतं तेव्हाच जायचं असतं. त्या दिवशी घरातलं आणि शेतातलं काम तुम्ही बघा, आणि रिपोर्ट आणायला तुम्ही जा. तेवढाच तिचा एक हेलपाटा वाचेल.

(रेडिओवरील भाषणाचे संपादित रूप)